अकरा अर्धवट कथांपैकी एक

प्रश्न असा आहे : "मी 27 वर्षांचा आहे. मूळचा परभणी जिल्ह्यातला, सध्या चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. चार वर्षांपासून कथा लिहितोय. अकरा कथा सुरू करून सोडल्या, पूर्ण झाल्या त्या दोनच. महिनाभर जोर असतो, मग सुटतं. लिहिण्यात सातत्य कसं ठेवावं, आणि कथा सांगण्याची हातोटी कशी वाढवावी? गावाकडच्या भाषेत लिहावं की प्रमाण भाषेत? सध्या एक कथा अडलीय : रात्री लाइट आली की बाप मोटार चालू करायला शेतात जातो. पुढं काय होतं ते सुचत नाही."

सातत्याचं आधी बोलू. रोज लिहिणं चांगलंच, पण रोज लिहूनही अकराच्या बावीस अर्धवट कथा होऊ शकतात. मी 1991 पासून कथा लिहितेय. पहिली सहा वर्षं माझंही हेच चाललं होतं. ट्रंकेत वह्या साठत होत्या. प्रत्येकीत सात-आठ पानं भरलेली, पुढं कोरी. कथा सुरू करताना फार छान वाटतं, सगळं शक्य असतं. निम्म्यावर आलं की कथा हिशेब मागायला लागते. हा माणूस इथं का आला, हिला नेमकं काय हवंय, दुसऱ्या पानावर आणलेला तो मामा कुठं गेला. हा हिशेब द्यायची वेळ आली की मी नवी वही काढायचे. सहा वर्षांत मला सवय लागली होती, पण ती कथा सोडून देण्याची.

म्हणून माझं पहिलं सांगणं : अकरांतली एक निवडा आणि बाकीच्या दहा नजरेआड करा. फाडू नका, पण ही पूर्ण होईपर्यंत उघडूही नका. नवी कल्पना सुचली तर दोन ओळींत टिपून ठेवा आणि परत त्याच कथेवर या. ती वाईट उतरली तरी शेवटापर्यंत न्या. कथेच्या शेवटच्या भागात जे शिकायला मिळतं ते सुरुवातीत कधीच मिळत नाही, कारण सुरुवातीत काय चुकलंय ते शेवट लिहिताना कळतं. अकरा सुरुवाती लिहिलेल्या माणसाचा हात सुरुवातीत तयार झालेला असतो, शेवटात तो अजून नवखाच असतो.

नोकरीमुळे वेळ मिळत नाही, असंही तुमच्या लिहिण्यावरून जाणवलं. मराठी कथा बहुतेक नोकरी करणाऱ्यांनीच लिहिलीय. अरविंद गोखले पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात शिकवत, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते, बाबूराव बागूल रेल्वेत मशिनिस्ट होते. मी स्वतः सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. सोलापूर शहरात आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पाणी यायच्या दिवशी पहाटे लिहिणं होत नसे, हे मी आधीच धरून चालत असे. उरलेल्या दिवशी पावणेपाच ते सहा. तुम्ही शिफ्टमध्ये आहात, तेव्हा ठरावीक घड्याळवेळ तुम्हाला झेपणार नाही, तो नादच सोडा. त्यापेक्षा ठरावीक जागा धरा. कंपनीच्या बसमधली खिडकीची सीट असेल, जेवणाच्या सुट्टीनंतरची पंधरा मिनिटं असतील. आणि उठताना एक करा : पुढं काय लिहायचंय ते एका ओळीत लिहून मगच उठा. 'आता ती चावी मागणार आहे', एवढंच. दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येत नाही, चावी समोर येते.

यापेक्षाही जास्त उपयोगी पडते ती तारीख. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला एक ठरलेला मुक्काम मिळाला. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. दिवाळीच्या कितीतरी आधी, साधारण जून ते ऑगस्टमध्ये, साहित्य गोळा होतं. माझं वर्ष त्यावरच बांधलेलं आहे. अक्षय्यतृतीयेला खर्डा सुरू, आषाढी एकादशीला कथा हातावेगळी. छापून येईल की नाही हा वेगळा प्रश्न. माझ्या सुरुवातीच्या कथा सलग चार वर्षं परत आल्या. सोबत जोडलेलं तिकीट लावलेलं पाकीटच आपल्या अक्षरात परत दारात पडायचं. एकदा तर एका अंकानं माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेद न विचारता कापून छापला. मला ते आजही दुखतं. पण त्या तारखांमुळेच वर्षाला एक-दोन कथा पूर्ण होत राहिल्या. स्पर्धांच्या मागं मात्र लागू नका. विषय देऊन आठ दिवसांत लिहून मागणाऱ्या स्पर्धांत तुमचा हात त्यांच्या विषयाकडं वळत जातो.

आता हातोटीचं. इथं मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण मला जे काही येतं ते एका कथेनं शिकवलं.

1997 ची गोष्ट. कथेचा विषय हक्कसोडपत्राचा. वडील गेल्यावर भाऊ बहिणीला तालुक्याला बोलावून घेतो, ती शेतावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा देते आणि साडी घेऊन सासरी परत जाते. आपल्याकडं घरोघरी घडतं ते. महाराष्ट्रानं 1994 सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला होता, आणि तरी सातबाऱ्यावर बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात पडून राहायची. मला त्याचा राग होता. त्या रागात मी चौदा पानं लिहिली. त्यातला एक तुकडा मुद्दाम जपून ठेवलाय :

"शकुंतलेच्या मनात विचारांचे काहूर माजले. ज्या मातीत ती खेळली, बागडली, ती माती आज तिला परकी होणार होती. स्त्रीच्या जन्माला आलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला हेच का यावे? तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळू लागले."

वर्गातल्या पोरांना निबंधात मी अशी वाक्यं लिहू देत नव्हते, पण कथेत स्वतः लिहीत होते. तेव्हा ते दिसलं नाही. दिसलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, कथा-कादंबरी कधी हातात न धरलेल्या. दुपारी सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, वाचून दाखवू का? म्हणाल्या, दाखव की.

मी वाचत होते आणि त्यांचा हात सुपात चालला होता. खडा निघायचा, बाजूला पडायचा, परत हात डाळीत. माझं काहूर आलं, हात चालूच. मातीचं वाक्य आलं, हात चालू. कायद्याबद्दल शकुंतलेचं दीड पानी स्वगत आलं, तेव्हा त्यांनी सूप हलवून डाळ पाखडूनही घेतली. आणि मग एक ओळ आली, जी मी सहज लिहून पुढं गेले होते. अंगठा उठवून झाल्यावर भाऊ खिशातला रुमाल काढून म्हणतो, "अंगठा पूस गं ताई, साडीला शाई लागंल."

हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. पुढचं पानभर हात डाळीत गेलाच नाही.

कथा संपल्यावर मी विचारलं, कशी वाटली? त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्या दिशी ती म्हायेरी जेवली का?"

मला माहीत नव्हतं. चौदा पानं लिहून मला एवढं माहीत नव्हतं, की अंगठा दिल्यावर त्या दिवशी ती भावाच्या घरी जेवली का नाही. दोन दिवस तेवढाच प्रश्न डोक्यात घेऊन शाळेत गेले. ती जेवली. भावजयीनं पुरणपोळ्या केल्या होत्या, जेवल्याशिवाय सोडणारच नव्हती. मग मी ते जेवण लिहायला बसले. ती उजव्या हातानं जेवतेय, आणि मधे पाणी प्यायला डाव्या हातानं तांब्या उचलते. रुमालानं पुसलेली शाई अजून पूर्ण गेलेली नाही. नव्या खर्ड्यात ते असं उतरलं :

"तिनं तांब्या खाली ठेवला. पितळेवर अंगठा उमटला होता. भावजयीनं तो पाहिला. काही न बोलता तिनं पदराच्या टोकानं तांब्या पुसला आणि विचारलं, 'आणखी एक घालू, वन्सं? तूप घेतलंच न्हाई तुम्ही.'"

कथा तिथंच संपली. काहूर गेलं, माती गेली, स्वगत गेलं. चौदाची साडेसहा पानं झाली. राग गेला नाही, उलट तो आता वाचणाऱ्याला येत होता.

कथाकथनाची आपल्याकडं मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव स्टेजवर उभं राहून कथा सांगितल्या. लोक हसले नाहीत, चुळबूळ करायला लागले, तर सांगणाऱ्याला जागच्या जागी कळायचं. आपण एकट्यानं खोलीत बसून लिहितो, आपल्याला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक खर्डा एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. तो लेखक नसलेला बरा, आणि काहीतरी हातकाम करत असलेला त्याहून बरा. भाजी निवडणारी आई, गाडीचं चाक काढून बसलेला मित्र, कुणीही. 'कशी वाटली' याचं उत्तर मनावर घेऊ नका, लोक चांगलीच म्हणतात. हात कुठं थांबतो ते बघा. आणि संपल्यावर ते जो पहिला प्रश्न विचारतील तो वहीत लिहून ठेवा. त्या प्रश्नात बऱ्याचदा तुम्ही न लिहिलेला प्रसंग असतो.

कीर्तनाला गेला असाल तर पूर्वरंग आणि उत्तररंग माहीत असेल. आधी निरूपण, मग आख्यान. कीर्तनकाराला दोन्ही शोभतं, कारण त्याच्याकडं चाल आहे, मृदंग आहे, टाळ आहेत. आपल्याकडं नुसता कागद. कथालेखनाच्या शिबिरांत माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या आठ कथांत पहिली तीन पानं पूर्वरंगच असतो : गाव कसं, घराणं कसं, जग कसं बदललंय. ती तीन पानं लिहायला माझी हरकत नाही, तुम्हाला स्वतःला कळायला ती लागतात. फक्त शेवटी ती काढून ठेवायची आणि कथा उत्तररंगापासून सुरू करायची.

त्याच हक्कसोडपत्राच्या कथेनं आणखी एक धडा दिला. कथा दिवाळी अंकात छापून आली. पंधरा दिवसांनी एका निवृत्त तलाठ्यांचं पोस्टकार्ड आलं. मी लिहिलं होतं की भाऊ त्याच संध्याकाळी नवा सातबारा घेऊन घरी येतो. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, बाई, असं होत नाही. आधी फेरफाराची नोंद धरतात, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस थांबावं लागतं, मग नोंद मंजूर होते. तुमचा तांब्या मला पटला, पण सातबारा आला तिथं माझा विश्वास उडाला. मला खूप वाईट वाटलं, कारण ते चौकशी करून कळण्यासारखं होतं. तलाठी सज्जा आमच्या शाळेच्या समोर होता. नंतर विचार करताना लक्षात आलं की त्या गृहस्थांनी मला 15 दिवस बहाल केले होते. पंधरा दिवस शकुंतला सासरी आहे आणि तिला माहीत आहे की अजून हरकत घेता येते. ती रोज सकाळी उठते, सडा टाकते, आणि काही करत नाही. संग्रहात घेताना कथेला ती दोन पानं जोडली, आणि वाचकांची पत्रं सगळ्यात जास्त त्याच दोन पानांवर आली. आपण ज्या कामाबद्दल लिहितो ते काम कसं चालतं, कुठला कागद कुणाच्या टेबलावर जातो, किती दिवस लागतात, हे विचारून घ्या. तुमच्या कंपनीतलं तुम्हाला माहीत आहे, तो मोठा ठेवा आहे. शिफ्ट बदलताना लाइनवर दहा मिनिटं काय चालतं, हे मराठी कथेत फार थोडं आलंय.

भाषेचा प्रश्न. प्रमाण की गावाकडची, हे आधी ठरवायचंच नसतं. कथा कोण सांगतंय ते ठरवा. गावातलाच कुणी 'मी' म्हणून सांगत असेल तर अख्खी कथा त्याच्या बोलीत जाऊ द्या. सांगणारे तुम्ही असाल तर निवेदन साधं ठेवा आणि माणसं आपल्या तोंडानं बोलू देत. बोली लिहिताना नवखा लेखक प्रत्येक शब्द मोडून लिहितो, आणि वाचणारा अडखळत राहतो. तुमच्याकडचा 'कामून', म्हणजे 'का', वाक्यात एकदा नेमका आला की माणूस परभणीचा झाला. बोली शब्दांपेक्षाही वाक्याच्या ठेवणीत जास्त असते. आमच्या इकडं एस. टी. स्टँडवर एक म्हातारी कंडक्टरला म्हणाली होती, "गाडी थांबवत न्हाईत वो, माणूस बघून थांबवत्यात." यातलं 'न्हाईत' उद्या 'नाहीत' केलं तरी म्हातारी तशीच उभी राहते. मराठवाड्यातल्या कथेसाठी भास्कर चंदनशिव सावकाश वाचा, आणि वाचताना संवाद कुठं तुटतो तेवढंच बघा.

वाचनाबद्दल एवढंच सांगते की एक कथा दहा वेळा वाचा. मी वाचनालयातले 'सत्यकथे'चे जुने अंक घरी आणून त्यातल्या कथा हातानं उतरवून काढायचे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली निघालेलं ते मासिक 1982 साली बंद झालं, म्हणजे मी लिहायला लागायच्या आधीच. पण ते अंक माझी शाळा होते. हातानं उतरवताना कळतं की लेखकानं दोन वर्षं एका वाक्यात ओलांडलीत आणि पाच मिनिटांना दोन पानं दिलीत. डोळ्यांनी वाचताना हे निसटतं.

महिनाभरानं जोर सुटतो म्हणता, त्याबद्दल. 2006 ते 2008 मी एकही कथा लिहिली नाही. यजमानांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा दवाखाना. खाडा पडला म्हणून आपण लेखक उरलो नाही, असं मला वाटायला लागलं होतं. त्या दिवसांत एक लहान वही पर्समध्ये असायची, आणि रोज कानावर पडलेलं एक वाक्य मी त्यात लिहायचे. फक्त एक, तेही जसंच्या तसं. डायलिसिसच्या खोलीबाहेर बसलेल्या बायकांची वाक्यं. कुणाचे पैसे कुठून आले, कुणाचा भाऊ किडनी देतो म्हणून नंतर आला नाही, कुणी आज डब्यात काय आणलंय. दोन वर्षांत पाचशेच्या वर वाक्यं झाली. परत लिहायला बसले तेव्हा कान जागा होता, हात आठ दिवसांत वळला. तुमचा जोर सुटतो तेव्हा कथा लिहू नका, पण हे एक वाक्य सोडू नका. फोनवर बोलून टाइप केलं तरी चालेल, मराठीत आता ते बऱ्यापैकी उमटतं.

आता तुमची अडलेली कथा. पुढं काय होतं ते सुचत नाही म्हणता. पुढचं सध्या राहू द्या, आधी मला एक सांगा. मोटारीला ऑटो बसवलेला नाही का? आता बऱ्याच शेतकऱ्यांकडं असतो, लाइट आली की मोटार आपोआप चालू होते. बसवलेला नसेल तर का नाही? पैसे नव्हते, की नादुरुस्त होऊन पडलाय, की तुम्ही चाकणहून आणून देतो म्हणाला होतात आणि राहून गेलं? आणि बसवलेला असेल, तर बाप अडीच वाजता अंथरुणातून उठून कशासाठी जातो? पिकाला पाणी फिरवायला जात असेल, तर कुठल्या पिकाला, किती सऱ्या, हातात बॅटरी की फोनचा उजेड. की घरात झोप लागत नाही म्हणून जातो? या एका प्रश्नाची तीन उत्तरं म्हणजे तीन वेगळ्या कथा आहेत. तुमची कुठली ते तुम्हालाच माहीत आहे.

तुम्ही शिफ्टमध्ये काम करता, म्हणजे महिन्यातले काही दिवस रात्रपाळी असणार. मग त्या वेळी तुम्हीही जागे असता, मशीनसमोर उभे. इकडं विहिरीवर बाप जागा आहे, मोटार चालू झालीय, पाणी सरीला लागलंय, त्याला आता तासभर काही काम नाही. खिशात फोन आहे. तुमच्या खिशातही आहे, किंवा कंपनीनं तो गेटवर जमा करून घेतलाय. इथून लिहायला बसा.